बूस्टर काढायला आलेला माणूस

टॉवर कंपनीचा तो माणूस नेटवर्कची तक्रार बघायला घरात आला, की आधी दिसेल ते यंत्र उलटं करतो. आमचा मिक्सरही त्याने उलटा केला होता. मागे सरकारी मंजुरीचा शिक्का नसला, की वाईट बातमी कळल्यासारखा ‘अरेरे’ म्हणतो. असल्या माणसाला चहा विचारावा की नाही, हे मला कळेना.

डोणगावात आमच्या गल्लीतले फोन सारखे मधेच तुटत होते. कारण शोधत, हातात अँटेना धरून तो थेट आमच्याच गच्चीवर पोचला. नाशिकच्या ताईचा आवाज नीट यावा म्हणून आईने तिथे रेंज वाढवणारा बिनमंजुरीचा बूस्टर बसवून घेतला होता.

“माय, तुमचं यंत्र इतलं वरडते का टॉवरले बाकी गल्लीचं ऐकूच येत नाही,” तो म्हणाला.

“मंग मी लेकीसंग बोलू कुठून?” आईने विचारलं.

नियमाप्रमाणे त्याने बूस्टर काढला. पण गेला नाही. स्वतःचा फोन उंच धरून अंगणभर फिरला, शेवग्याखाली थांबला आणि आमची बाज ओढत तिथे आणली. “इथं बसून बोला जी. इथं रेंज हाय.”

आता गल्लीतून जाताना तो गाडी थांबवतो आणि कुंपणापलीकडूनच आईला फोन लावतो. “माय, ऐकू येते काय?”

“हाव, बरोबर येते,” बाजेवरून आई फोनमध्ये सांगते.

त्याचा आवाज तिला फोनशिवायही स्पष्ट ऐकू येतो. तेवढं मात्र ती त्याला सांगत नाही.