ओहोटीची वेळ लिहिणाऱ्या सगुणाबाई

धुळ्याला समुद्र नाही. पांझरा आहे, तीही उन्हाळ्यात घोटाभर. तरी मुलींच्या शाळेतल्या सगुणाबाई रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात ओहोटीची वेळ लिहीत. पंचांगात तिथी बघायची आणि तिच्यावरून वेळ काढायची, हे त्यांच्या वर्गाचं दिवसातलं पहिलं गणित. माझी इंदू जेवताना मधेच सांगे, "आबा, आते समुद्र मांघे सरकना व्हई." मी कापसाचा व्यापारी, जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, हमालीतून वर आलेला. जो माल डोळ्यांसमोर नाही त्याची गोष्ट मला कुणी सांगितलेली खपत नसे. असल्या गोष्टींनी पोरीचं डोकं का भरता, हे विचारायला मी तावातावाने शाळेत गेलो.

बाईंनी मला खुर्ची दिली आणि माझं ओरडून होईपर्यंत वह्या तपासल्या. मग म्हणाल्या, "राहिलं असेल तर तेही बोलून घ्या, भाऊ. नाहीतर घरी जाऊन पोरीवर काढाल."

बाई अलिबागच्या पुढच्या किनाऱ्यावरच्या. लहान वयात नवरा गेला, मग पुण्यात शिकल्या, आणि खानदेशात नोकरीला आल्या त्या इथेच रमल्या. काटक अंगाच्या, आवाज बारीक, हातात बाराही महिने छत्री. दर मार्गशीर्षात त्या तीन-चार मुलींना घेऊन भावाच्या घरी जात. घरामागेच खडक होता. ओहोटी लागली की त्याच्यावरच्या डबक्यांत तारामासे पसरलेले दिसत. आमच्याकडच्या पोरींना ते आभाळातून गळून पडल्यासारखे वाटत. भाद्रपदात भावाचं पत्र येई, की खडकावर सध्या काही नाही. तेव्हा एका मुलीने वहीत लिहिलं, पावसाळ्यात तारामासे नसतात. बाईंनी ती ओळ खोडली. म्हणाल्या, "दिसत नाहीत एवढंच लिही. खाली उतरून तू बघितलंस का?"

इंदू एका मार्गशीर्षात जाऊन आली आणि पुढे शिकायचं म्हणून हटून बसली. तिला रावेरकडचं चांगलं स्थळ आलं होतं. बाई तिच्या बाजूने बोलायला घरी आल्या. मी त्यांना चहा दिला आणि सौदा मांडला. त्याआधी जिनात आलेल्या एका कोकणी माणसाकडून मी काढून घेतलं होतं, की वैशाखात तो खडक तव्यासारखा तापतो आणि वर चिटपाखरू दिसत नाही. म्हणून मी म्हणालो, वैशाखात त्याच खडकावर मला तारामासा दाखवा, इंदू शिकेल. नाही दिसला तर जेठात लग्न.

बाई लगेच हो म्हणाल्या. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. समोरचा घासाघीस करत नाही तेव्हा त्याला माल पुरता ठाऊक असतो.

वैशाखी अमावास्येला, दुपार कलल्यावर, आम्ही तिघं त्या खडकावर उभे होतो. पाणी लांब गेलेलं. दगड असा तापलेला, की वहाण काढवेना. कालवांची धारदार टरफलं, वाळलेलं शेवाळ, बाकी काही नाही. इंदू एकेक डबकं बघत पुढे जात होती आणि परत येताना माझ्याकडे बघत नव्हती. बाई एका सपाट शिळेजवळ छत्री उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही का शोधत नाही? तर म्हणाल्या, "मी काढून दाखवला तर तुम्ही म्हणाल, बाईंनी आणून ठेवला."

हे अगदी खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी त्यांच्याजवळच बसलो. समोर ती शिळा, तिच्याखाली काळी फट. आता कापूस घेणाऱ्याचा हात असा असतो, की गाडी दिसली की तो आत जातो. विकणारा चांगला माल वर पसरतो, म्हणून घेणारा कोपरापर्यंत हात खुपसून तळातलं बोंड काढतो. माझा हात त्याच सवयीने फटीत गेला. आत गार होतं, ओलं होतं. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. त्याच्या शेजारी आणखी एक. त्याच्या पलीकडे आणखी.

हात रिकामा बाहेर काढता आला असता. पण इंदू दुकानात वाढलेली. उत्तम कापूस हाताला लागला की माझा चेहरा कसा होतो, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

"आबा, काय लागनं?"

बाई म्हणाल्या, "उपटू नका, भाऊ, त्यांना सावलीतच राहू द्या. तिला हात घालू द्या."

इंदू पोटावर आडवी झाली, फटीत खांद्यापर्यंत हात घातला, आणि तशीच पडून म्हणाली, "आबा, बठ्ठं भरेल शे." सगळी फट तारामाशांनी भरलेली होती.

परतताना बोटीत मी बाईंना वाटेल ते बोललो. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, मुद्दाम त्या शिळेपाशी बसलात, मला फसवलंत. बाई शांतपणे म्हणाल्या, "आत असतात ते मला ठाऊक होतं. वर नसतात ते तुम्हाला ठाऊक होतं. आता फसवलं कुणी, ते तुम्हीच ठरवा."

ते मी अजून ठरवलेलं नाही. माझ्या मते फसवलं त्यांनीच. आयुष्यात तेवढ्या एकाच सौद्यात मी हरलो आणि तोही माझ्याच हाताने. रावेरच्या मंडळींना मी नकार कळवला, तेव्हा ते जे बोलले त्याचाही राग मी बाईंवरच धरला. त्या नोकरी संपवून भावाकडे गेल्या आणि दोन पावसाळ्यांनी तिथेच वारल्या. माझं भांडण अर्धंच राहिलं.

इंदू आता जळगावच्या शाळेत शिकवते. मुलींना थंडीतही नेते आणि वैशाखातही. आई-बाप थंडीचं कबूल करतात, वैशाखाला अडतात, मग ती मला पुढे घालते. गेल्या आठवड्यात आम्ही चाळीसगावला एका कास्तकाराकडे गेलो. तो दारातच आडवा उभा राहिला. म्हणाला, "उन्हायामा तठे काय देखाले जावानं, भाऊ?" त्याची पोर दाराआडून ऐकत होती.

मी पागोटं काढून बाजूला ठेवलं, त्याच्या ओट्यावर मांडी घातली आणि म्हटलं, "पहिले पानी तं पाज. टाईम लागी."