पार्किंगचा निवाडा

बहारीनमध्ये झिंज भागातल्या आमच्या इमारतीत खाली एक निवृत्त बहारिनी प्राध्यापक राहतात. काझीने रागात निकाल देऊ नये, सुलतानालाही कायदा लागू असतो, असं जुनं इस्लामी न्यायशास्त्र ते रंगून सांगतात. गाडी मात्र रोज आमच्या जागेत लावतात.

एकदा मी सोबत असताना बायकोने त्यांना जिन्यातच गाठलं आणि म्हणाली, "आता तुमच्याच कायद्याने या पार्किंगचा निवाडा करा."

"आरोपी मीच, मग काझी मी कसा होणार?" म्हणत त्यांनी निवाडा माझ्यावर सोपवला. मी अर्थातच बायकोच्या बाजूने निकाल दिला.

"रद्द!" ते खुशीत म्हणाले. "काझीला स्वतःच्या बायकोच्या बाजूने निकाल देता येत नाही."

बायको माझ्याकडे रोखून बघू लागली. तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"निकाल बेकायदाच आहे," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "पण तुम्हाला घरी जायचंय."

आणि गाडी काढायला गेले.