आखाजीचा डाव आणि माझे तीन राजे

सरकीचा दलाल निंबा नाना, याने मला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी फसवलं. मी त्याला फसवलं नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... जुनं बारदान, म्हणजे रिकामी पोती विकून टेम्पो घेणाऱ्याला तेवढी फुरसत नसते. तरी झालं ते जसंच्या तसं लिहितो.

१९८९, धरणगाव. आमच्याकडे आखाजीला आधी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, मग पुरुष उघडपणे पत्ते कुटतात. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. बायको दारात आडवी आली, "आंधी मामांजीनी घागर भरा, मंग जा."

"आल्यावर भरतो," म्हणून मी निघालो.

भर दुपारी जिनिंगच्या शेडमध्ये तीन पत्ती रंगली. शेवटी नाना आणि मीच उरलो. मला तीन राजे आले, वर फक्त तीन एक्के! नाना पत्ते न पाहता ब्लाइंड खेळत होता. समोरच्याचा चेहरा वाचण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून मी मुद्दाम रडका चेहरा केला, कुरकुरत कमीत कमी चाल टाकत गेलो.

"काय शेठ, पत्ता दखीसन ताप उना का?" नाना हसला.

"ताप तुमले यी, नाना."

समोरचा ब्लाइंड असला की शो मागता येत नाही, म्हणजे पत्ते उघडायला लावता येत नाहीत — चाल टाका नाहीतर पॅक करून डाव सोडा. पैसे संपले तेव्हा मी टेम्पोची चावी टाकली. घर त्या टेम्पोवरच चालत होतं, पण तीन राजे कोण सोडतं?

नानाने चावीकडे पाहिलं. त्याची मान एका बाजूला कलली आणि तोंडातून माझ्या वडिलांचा आवाज आला... घोगरा, धाप लागलेला.

"भावड्या... माले घोटभर पानी दे ना."

दवाखान्यात वडिलांचे शेवटचे शब्द हेच. डॉक्टरांनी पाणी बंद सांगितलं होतं, मी दिलं नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. बायकोलाही हे कधी सांगितलेलं नव्हतं.

मान वर करायची हिंमत होईना — वाटलं, समोर वडीलच बसलेत. कसाबसा "पॅक" म्हणालो आणि पत्ते टाकले.

नानाने आपले पत्ते उलटले. दुर्री, पंजी, नव्वी. रंगही वेगवेगळे.

"नाना, आत्ता काय बोललात?"

"मी? मी तं काहीच बोलनू नही."

बघायला बसलेल्या दोघांनीही काही ऐकलं नव्हतं. मी नानाची गचांडी धरली, त्यांनी सोडवली.

उलगडा आजही होत नाही. चेहरा वाचता येतो, मान्य. पण मेलेल्या माणसाचा आवाज चेहऱ्यावर लिहिलेला असतो का?

नाना, तुम्ही अजून धरणगावातच आहात. टेम्पो जिंकलात, ठेवा. पण चार माणसांत उभं राहून सांगा — बंद खोलीतले ते शब्द तुम्हाला कोणी दिले?