सुई चालेल, नाव नको

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर मी नर्स होते. माहेर फैजपूरचं, केळीच्या बागायतीतलं. डोंगरातल्या माणसांना नीट समजावलं की ती ऐकतात, असं मी धरूनच चालले होते. समजावण्यात मी तरबेज होते. ऐकून घेण्याची सवय मात्र नव्हती.

त्या वर्षी जंगलातल्या शेतीवरून तिथल्या एका पाड्यावर मोठा राडा झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन जंगलखात्याची ठरली, उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला गेला, लोकांनी दगड उचलले, मग पोलीस आले. त्याच्या आठवडाभर आधी एक माणूस योजनेचं सांगून घरोघर नावं लिहून गेला होता. धरपकड त्याच यादीवरून झाली, असं पाड्यावर सगळे सांगत. खरं-खोटं मला आजही माहीत नाही.

पुढच्या महिन्यात मी लसींचा डबा आणि रजिस्टर घेऊन तिथे गेले. शेजारच्या पाड्यात गोवर आला होता. एक बाई आपण होऊन पुढे आली. नवरा धुळ्याच्या जेलमध्ये, कडेवर नऊ महिन्यांची मुलगी.

"सुई दे बाई, पन नाव लिखू नको," ती म्हणाली.

"नाव नाही तर नोंद कशी करू?"

"त्यासनी बी पहिले नावच लिखं."

मी हसले. एवढ्याशा पोरीला कोण धरून नेतंय, म्हटलं. ती हसली नाही. पाड्यावरच्याच आशाताईने मला बाजूला घेतलं. "खोटं नाव टाका ना सिस्टर. राड्यापासून मी बठ्ठासनं, सगळ्या पाड्याचं, तसंच लिहिते."

माझं डोकंच फिरलं. नोंदी अर्धवट म्हणून गेल्याच महिन्यात साहेबांनी चारचौघांत माझी हजेरी घेतली होती. खरं नाव सांग, नाहीतर सुई नाही, असं मी त्या बाईला सुनावलं. ती पोरीला घेऊन गेली. गरज पडली की येईल, असं म्हणत मी डबा बंद केला.

ती आली नाही. तीन आठवड्यांनी आशाताईचा फोन आला. मुलीला गोवर झाला, तो छातीत उतरला. दवाखान्यातही नाव विचारतात म्हणून आईने तिला नेलंच नाही. मुलगी गेली.

मृत्यूच्या चौकशीचा फॉर्म भरायला मलाच जावं लागलं. बाई दारात नागली निवडत बसली होती. मी फॉर्म काढून हातात धरला. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. तिनेच माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मुलीचं नाव सांगितलं, मग बापाचं, मग आडनाव.

"आते लिख," ती म्हणाली. "आते तिले कोन ली जाई?"

मी लिहिलं. राड्यानंतर त्या पाड्यावरून माझ्या कागदावर आलेलं ते पहिलं खरं नाव होतं.