टीव्हीवर आबांचं नाव

आबांना जाऊन आठ महिने झाले होते. आई फोनवर म्हणाली, "ह्यांचा आवाज आठवंना झालाय गं मला. तोंड दिसतं, हात दिसत्यात, चालनं दिसतं. पर बोलल्यालं ऐकूच येत न्हाय." मी बारामतीला एमआयडीसीत, दुधाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. हातातली नमुन्याची बाटली हातातच राहिली. आई तिकडं गावी, अंथुर्ण्याला एकटी, आणि आबा तिला दुसऱ्यांदा सोडून चाललेले.

आबांचा आवाज एकाच ठिकाणी शिल्लक होता. कालव्याचं पाणी सोडायच्या नोकरीतून ते निवृत्त झाले, तेव्हा गावानं शाळेत सत्कार केला होता. कुणीतरी त्यांचं सहा मिनिटांचं भाषण मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकून दिलं. वर नुसतं आबांचं नाव आणि आडनाव. ना गाव, ना सत्कार, ना भाषण. ते नाव घालून शोधलं तरच सापडणार, नाही तर राम राम.

आईकडं बटणांचा फोन, आणि माझ्या मोबाइलवरचं बारीक तिला दिसत नाही. पेनड्राइव्हात घालून द्यावं तर टीव्हीची ती खाच बिघडलेली. म्हणून टीव्हीला लावायची स्टिक आणली. तिच्या रिमोटवर माइकचं बटण असतं. बटण दाबायचं, नाव बोलायचं, व्हिडिओ हजर. यापेक्षा सोपं ते काय? रविवारी स्कूटरवरनं गेले, शेजारच्या काकूंच्या वायफायवर सगळं जोडलं, बटण दाबून आबांचं नाव खणखणीत बोलले. पडद्यावर आबा आले. आई दचकली. मला वाटलं, एवढ्या मोठ्या पडद्यावर अचानक दिसले म्हणून दचकली असंल.

"आता तू बोल," म्हणून मी रिमोट तिच्या हातात दिला.

ती रिमोटला म्हणाली, "आमचं ह्ये." पडद्यावर नाचगाणी. "घरचं मालक," म्हणाली. मालिका लागल्या. "अंथुर्ण्याचं भाषान," म्हटल्यावर कुठकुठले पुढारी माइक धरून उभे राहिले. मी हसून हसून बेजार. नंतर हसू संपलं.

"अगं, नाव बोल ना आबांचं!"

"माजी बोली न्हाय कळत त्याला."

"बोलून तरी बघ."

"आवाज चिरका झालाय माजा. लिवून न्हाय का व्हायाचं?"

"लिहायला तिथं इंग्रजी अक्षरं आहेत. ती येतात का तुला? आणि एकेक अक्षर शोधत बसशील तर दिवस मावळंल." शेवटी मीच तो व्हिडिओ सेव्ह करून दिला आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, परत गेली. स्टिकनं तो सेव्ह केलेला व्हिडिओ पुसून टाकला. मग सुरू झाले फोन. मी कारखान्याच्या जिन्यात उभी राहून ओरडतेय, "बटण दाब! नाव बोल!" आणि पलीकडं नुसती शांतता. चार दिवस हेच. पालथ्या घड्यावर पाणी. येणारी-जाणारी माणसं माझ्याकडं बघायला लागली. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हणाले, "तुला आबांना ऐकायचंच नाहीये! नुसता माझ्या डोक्याला ताप!"

आई म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी केला तर, "हाय की, बरी हाय," एवढंच. आणि मग शेजारच्या काकूंचा आला. "ये बाई जरा. तुजी आई टीव्हीपुढं बसून असती, आन् टीव्ही बंद असतो. दोन दिस झालं, भाकरीला हात लावला न्हाय तिनं." मी साहेबांना न सांगताच स्कूटर काढली. रस्त्याला दुतर्फा ऊस, पुढं एकामागं एक ट्रॅक्टर, एकाला ओलांडावं तर दुसरा हजर, आणि मी हेल्मेटच्या आत रडतेय. आईलाही काही झालं तर? ती मेली तर तिचा आवाज तरी कुठं ठेवलाय मी?

घरात शिरले तर ती तशीच बसलेली, रिमोट मांडीवर. बघून जीव भांड्यात पडला आणि लगेच संताप आला. माझं हे असंच होतं, माया आली की आधी तोंड सुटतं. "धर तो," म्हटलं. "माझ्यासमोर बोल. दोन शब्द आहेत, आई. जीभ झडते का तुझी?"

तिनं रिमोट बाजूला ठेवला. मग हळू म्हणाली, "लग्नात उखान्यात घेतलं हुतं एकदा. त्याच्यामागं पन्नास वर्सांत कदी तोंडातनं काडलं न्हाय. आता ते न्हाईत म्हून त्येंच्या माघारी घिऊ व्हय?"

मी माझ्या नवऱ्याला दिवसातून पन्नास वेळा नावानं हाका मारते, बऱ्याचदा ओरडूनच. मला सुचलंच नव्हतं. आई 'ह्ये' म्हणायची, 'मालक' म्हणायची, रेशनच्या दुकानात नाव विचारलं की माझ्याकडं बघायची आणि मी नाव सांगायचे. जन्मभर बघत आलेली गोष्ट! आणि आठवडाभर मी तिच्यावर ओरडत होते की बोल, बोल, बोल.

"आणि लिहिलेलं चालतं?" मी विचारलं.

"लिवायला काय हुतंय? सहीत येतंय की त्येंचं नाव."

खरंच की. चौथी शिकलेली बाई, पण सही झोकात करते. स्वतःचं नाव, मधे आबांचं, मग आडनाव.

मग मी त्या स्टिकमध्ये मराठी कीबोर्ड शोधायला बसले. सेटिंग, त्यात कीबोर्ड, त्यात भाषा, असं पायरी-पायरीनं उतरायचं होतं. पण मी घाईत आधी दिसलेल्या 'भाषा'वरच दाबलं, यादी सरकली, बोट चुकलं आणि आख्ख्या टीव्हीची भाषाच बदलली. कुठलीशी लिपी, मला एक अक्षर लागेना. मागं जावं तर मागं कुठं लिहिलंय तेही कळेना. दाबत गेले तशी आणखी आत रुतत गेले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेवटी मी रिमोट गादीवर आपटला आणि लहान पोरीसारखी हंबरडा फोडला. "नाही जमत मला! आबा गेले, आता हेही गेलं माझ्या हातानं!"

आईनं रिमोट उचलून पदरानं पुसला. "रडू नगं. तू मगाशी चाकाच्या चित्रात गेली हुतीस. ते बग, पार उजवीकडं. तितनं खाली सातवं."

दहा दिवस बंद-चालू टीव्हीपुढं बसून बाईनं चित्रं पाठ केली होती. मी मुकाट्यानं ती सांगेल तशी गेले. उजवीकडं चाक, खाली सातवं, त्यात पहिलं. इंग्रजी परत आली. या वेळी एकेक पायरी वाचत उतरले. कीबोर्ड, भाषा, हिंदीच्या खाली मराठी, त्यापुढं बरोबरची खूण. शोधायच्या पट्टीवर आले, तर तिथं परत एबीसीडीच. मग कोपऱ्यातल्या पृथ्वीच्या गोळ्यावर दाबलं आणि अ आ इ ई पडद्यावर पसरली.

"आई," मी रिमोट दिला. "सही कर. तुझं नाव सोडून."

ती चष्मा सावरून पुढं सरकली. अंगठ्यानं बाण दाबत एकेक घर ओलांडायची, अक्षर आलं की थांबायची, खात्री करायची, मग दाबायची. एकदा चुकली, पुसलं, परत लिहिलं. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ कधी गप्प बसलेली नाही. आडनाव पुरं झालं आणि व्हिडिओ खाली आला. तिनं तो स्वतः दाबला.

आबा शाळेच्या पटांगणात उभे होते, फेटा जरा वाकडा. आईनं डोक्यावरनं पदर घेतला आणि खुर्चीवरनं उतरून खाली बसली. आबांनी माइकवर दोनदा टिचकी मारली, घसा खाकरला.

"मागं ऐकू येतंय का?"

"येतंय की," आई म्हणाली. "बोला."