जांभळ्या उजेडातली भाजी

पुराचं पाणी ओसरल्यावर आमच्या सांगलीच्या घरात जो चिखल राहिला, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. कृष्णेचं पाणी म्हणायचं, पण घरात शिरलं तेव्हा त्यात गटार होतं, रॉकेल होतं, कुणाच्या तरी गोठ्यातलं शेण होतं. परसात मी लावलेल्या पालकाच्या वाफ्यात एक घूस मरून फुगली होती. ती मीच फावड्याने उचलली. तेव्हापासून पालेभाजी धुवायला घेतली की आधी मी देठं तपासायची. देठाला मातीचा कण दिसला तरी अख्खी जुडी कचऱ्यात जायची.

पुढे आम्ही ते घर विकून गावाच्या उंच भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी भाजी टाकून देते हे नवऱ्याने बरेच दिवस पाहिलं आणि एकदा जेवताना म्हणाला, "मातीची एवढी शिसारी येते ना, मग मातीशिवायच पिकवू." त्याने कुठल्यातरी कृषी प्रदर्शनात पाण्यावरची शेती पाहिली होती. आडवे पाइप, त्यात भोकं, भोकांत जाळीचे कप आणि खालून खत मिसळलेलं पाणी फिरतं. मला ते एकदम पटलं. अडचण एकच होती. रिकामी खोली होती ती मागची, आणि तिच्या खिडकीसमोर हात लांबवला तर लागेल एवढ्यावर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन येणं शक्यच नव्हतं. दिवे लावावे लागणार होते.

त्याच प्रदर्शनात साताऱ्याच्या एका दुकानदाराचा दिव्यांचा स्टॉल होता. प्रदर्शन अजून चालू होतं, शेवटच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. जांभळ्या उजेडाखाली लेट्यूसचे गड्डे असे भरलेले, की हात लावावासा वाटला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, झाडाला लाल आणि निळा एवढाच रंग लागतो. बाकीचा उजेड फुकट जातो. हा घ्या, डोळे झाकून." आम्ही अगदी तसेच, डोळे झाकून घेतले.

दिवे लागले त्या दिवसापासून ती खोली मला आवडेनाशी झाली. त्या उजेडात हिरवी पानं काळपट दिसत, भिंत सुजल्यासारखी दिसे, आपलाच हात परका वाटे. सासूबाई आटपाडीकडच्या. तरुणपण मेंढरांमागे माळावर गेलेलं, त्यामुळे बंद खोलीत भाजी पिकते हेच त्यांना पटत नव्हतं. त्या दारात उभ्या राहून मुलाला म्हणाल्या, "आरं, ह्या उजेडात तुजं तोंड मेल्या माणसावानी दिसतंय. हितलं खायाचं कसं?" तो हसला. मला हसू आलं नाही, कारण मलाही तो तसाच दिसत होता.

तरी रोपं उगवली. उंच झाली, जरा जास्तच उंच आणि बारीक. नवरा म्हणाला, वाढतायत. त्या उजेडात बरंवाईट काही कळत नव्हतं. सगळंच काळंजांभळं. पुदिना आधी तयार झाला. सासूबाईंना कमी दिसतं, पण खुडायची हौस मोठी. त्यांनी खुडला, लसूण-मिरची घालून चटणी केली, आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. चव जरा उग्र लागली.

दोन-चार दिवसांनी लेट्यूस काढायला गेले. दोन गड्डे कपांसकट उपसले आणि स्वयंपाकघरात आणून ट्यूबखाली धरले. पानं पिवळी पडलेली, कडांना तपकिरी लिबलिबीत पट्टी, पानांच्या मागे चिलटं चिकटलेली. मुळांचा नुसता शेंबूड झाला होता. बोटाने ओढला तर तार निघाली. आणि वास आला तो पुरानंतरच्या घरातला, हुबेहूब. मी सिंकवर ओणवी झाले आणि ओकले. पुदिन्याची मुळं बघायला नवरा गेला, मोबाइलचा पांढरा टॉर्च मारला, तिथेही तोच शेंबूड दिसला आणि त्याने दार ओढून घेतलं.

त्याने दुकानदाराला फोन केला. उत्तर मिळालं, "तुमचं पाणी खराब असेल. लाइट एक नंबर आहे." मग नवऱ्याने ऑफिसातल्या मित्राकडून वीज मोजायचं छोटं यंत्र आणून प्लगला लावलं. खोक्यावर हजार वॉट छापलेला दिवा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीसुद्धा वीज घेत नव्हता. नवरा म्हणाला, "जाऊ दे, फसलो." मला जाऊ द्यायचं नव्हतं. मी दिवे पिशवीत भरले आणि सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेले.

दुकान हायवेच्या कडेला होतं. आत जांभळा उजेड, खाली तेच टवटवीत लेट्यूस, पण गल्ल्यावर कोणी नाही. मागून पाण्याचा आवाज येत होता म्हणून मी मागच्या दाराने बाहेर गेले. परसात लख्ख ऊन होतं. मातीने भरलेल्या काळ्या पिशव्यांच्या रांगा आणि प्रत्येकीत लेट्यूस. एक बाई गढूळ पाण्याच्या टबाशी बसून एकेक रोप पिशवीतून काढत होती आणि मुळांची माती धूत होती.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"मुळं धुतीया. आत लाइटाखाली मांडायची हायत."

"आत वाढत नाहीत का?"

"न्हाई ओ ताई. आठ दिसांत पिवळी पडत्यात. मग ही न्यायची आन ती काढायची. काढल्याली कोंबड्यास्नी टाकली, तर कोंबड्या बी खाईनात."

ती हे काही लपवल्यासारखं बोलली नाही. तिला कोणी लपवायला सांगितलंच नसावं. माझी नजर टबावरून हटेना. चिखलाला कंटाळून मी जे पाहून दिवे विकत घेतले होते, ते लेट्यूस इथे चिखलातून उपसून, धुऊन आत मांडलं जात होतं.

तेवढ्यात दुकानदार आला. तोंडात मावा. टबाच्या शेजारीच पिंक टाकून म्हणाला, "ताई, तो डिस्प्ले असतो. कापडाच्या दुकानात पुतळा असतो, तो काय जिवंत असतो?"

"पुतळ्याच्या अंगावरचं कापड तरी खरं असतं," मी म्हणाले.

त्याने ओठ पुसले आणि मला याहून मोठा दिवा दाखवायला निघाला. मी पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि बाहेर पडले. पैसे मागितले नाहीत. त्या हातातून काही परत घ्यावंसं वाटलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लबाडाला उनाचं काम दिव्याच्या नावावर खपवायचं हुतं, दुसरं काय." नवरा पाइप भंगारात द्यायच्या विचारात होता. मीच नको म्हणाले. एवढी घाण पाहिल्यावर निदान एक स्वच्छ पान हातात यावं, असा हट्टच होता म्हणा. सगळे पाइप ब्लीचिंग पावडरने घासून वाळवले. पाण्याची टाकी काळ्या कागदात गुंडाळली, म्हणजे शेवाळ धरू नये.

दिवे घ्यायला या वेळी सांगलीतल्याच विजेच्या साध्या दुकानात गेलो. जाताना मी बाजारातल्या जुडीतलं एक हिरवं आणि एक पिवळं पान रुमालात गुंडाळून नेलं होतं. दुकानदाराला म्हटलं, एकेक दिवा लावून दाखवा. प्रत्येकाखाली मी दोन्ही पानं धरली. काहींच्या उजेडात दोन्ही सारखीच फिकट दिसत. काहींत पिवळं पान हिरव्याच्या जवळ जाई. दुकानदार म्हणाला, "काकू, साडीला मॅचिंग बघताय का?" मी बघत राहिले. शेवटी एका पांढऱ्या लांब पट्टीखाली पिवळं पान पिवळं दिसलं, त्याच्यावरचा डागसुद्धा दिसला. नवऱ्याने यंत्र लावून पाहिलं, खोक्यावर लिहिलं होतं तेवढीच वीज जात होती. त्याच पट्ट्या घेतल्या. रोपांपासून वीतभर उंचीवर साखळीने टांगल्या आणि टायमर लावला.

लेट्यूस काही प्रदर्शनातल्यासारखं भरलं नाही. पण पालक आणि कोथिंबीर ठीक येतात, पुदिना तर माजतो. एखादं पान बिघडलं की त्याच दिवशी दिसतं, मी काढून टाकते. मुळं पांढरी असतात, तरी प्रत्येक वेळी मी ती उचलून हुंगते. ही खोड आता जाणार नाही.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण बाग बघायला आली. तिलाही बाल्कनीच्या आतल्या बाजूला असंच काही करायचं होतं. दिवा कसा निवडायचा, विचारत होती. मी तिला सगळं सांगितलं, कोंबड्यांपर्यंत. तिने तोंडावर पदर धरून "शी" केलं, माझ्या पांढऱ्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण हे अगदी ऑफिससारखं वाटतं, नाही? फोटोत तो जांभळा किती छान येतो."

आठवड्याभराने तिची बाल्कनी जांभळी झाली. काल तिने वाटीभर पुदिना वर पाठवला. मी तो ट्यूबखाली धरून पाहिला, कचऱ्यात टाकला आणि वाटी धुऊन परत दिली.