अकराव्या मंगळवारचा नैवेद्य

त्या दिवशी मी देवळात गेले ती देवीशी भांडायला. खोटं कशाला बोलू? लग्नाला वर्ष व्हायच्या आत, सव्विसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला, तोही रोज दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यावं लागेल असा. तोवर मला वाटायचं, हा म्हाताऱ्या माणसांचा आजार. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, आम्ही नुकतेच गिरगाव सोडून कोपरखैरण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो, आणि फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या शेजारी माझी औषधाची बाटली येऊन बसली. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? सोसायटीतल्या बायका पेढ्यांचा पुडा घेऊन यायच्या आणि ‘एकाने काय होतंय’ म्हणायच्या. मग त्याच जाता जाता कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि कुणाच्या तरी मेव्हण्याचं इन्सुलिन कसं कायमचं सुटलं ते सांगून जायच्या. त्या मेव्हण्याला एकदा समोर उभा करून जाब विचारावा असं मला फार वाटायचं.

सासूबाई माझ्या नावाने अकरा मंगळवारांच्या उपासाचा नवस बोलल्या. तळवलीची गावदेवी कडक आहे, पण भक्ताचं ऐकते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचा जीव खरोखर तुटायचा माझ्यासाठी, म्हणून मी नाही म्हणू शकले नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाते आणि माणूस बेशुद्ध होतो, जीवही जातो. त्यामुळे मी उपासाची खिचडी वेळेवर खाऊन, मगच दर्शनाला जायची. असे दहा मंगळवार झाले. आणि सोमवारी रिपोर्ट आला, साखर पहिल्यापेक्षा वाढलेली. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला. रात्रभर मी दात-ओठ खात पडून होते.

सकाळी यांच्या देखत नेहमीसारखी सुई टोचून घेतली. हे ऑफिसला गेले. खिचडीची ताटली भरली, तिच्याकडे पाहिलं आणि परत झाकून ठेवली. म्हटलं, आज पाण्याचा घोटही घेणार नाही. एकतर बरी कर, नाहीतर तुझ्या दारातच पडते, मग बघ तुझी किती अब्रू राहते ती. रिक्षाने ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून उन्हात चालत गावात शिरले. देऊळ रिकामं होतं. मी देवीसमोर फतकल मारून बसले. थोड्याच वेळात हात कापू लागले, घामाने ब्लाऊज पाठीला चिकटला, देवीचे डोळे दोनाचे चार दिसायला लागले. काय होतंय ते मला नीट कळत होतं. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती. तरी मी हटून बसले.

तेवढ्यात एक आगरी बाई नैवेद्य घेऊन आली. साठीची असेल. ताटात गुळाची खीर, वर केळीचं पान. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ताट घेऊन माझ्यासमोरच बसली.

“काय गो, साकरची सुई घेतंस काय तू?”

मी मान हलवली. तिने खिरीचा घास माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड फिरवलं. “उपास आहे. आणि देवीला दाखवला नाही अजून.”

“उपास खड्ड्यान गेला. ती थांबंल, ती काय भुकेन मरत नाय. तोंड उघड!”

मी ओठ मिटून घेतले. तेव्हा तिने डाव्या हाताने माझा जबडा धरला आणि घास अक्षरशः कोंबला. एक, दोन, तीन. मी रडत होते, खीर हनुवटीवरून ओघळत होती आणि ती मला शिव्या घालत होती. हात थांबले, देवीचे डोळे पुन्हा दोन झाले, तेव्हा कुठे तिने ताट खाली ठेवलं.

“माजा घरवाला असाच घामान भिजला व्हता,” ती म्हणाली. “साकरची सुई घेतलेली, वर नवरात्राचा उपास. गूळ मांगत व्हता. मीच नाय दिला. बोलले, देवी कोपंल.”

तिने पदराने माझं तोंड पुसलं, उरलेली उष्टी खीर देवीपुढे ठेवली आणि हात जोडले.

घरी सांगितलं तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. “देवीच आली गं बाई!” मला संताप आला. ती देवी नव्हती. पुढच्या मंगळवारी मी जाऊन तिचं घर शोधलं, देवळाच्या मागेच आहे, तिच्या हातचा चहा प्यायले, बिनसाखरेचा, आणि पुन्हा एकदा शिव्या खाल्ल्या. तिला देवी म्हटलं की तिच्या नवऱ्याचं मरण पुसल्यासारखं होतं, ते मला करायचं नाही. पण एवढ्या मोठ्या गावातून नेमकी तीच बाई, नेमकी त्या घटकेला ताट घेऊन आली, हेही खरंच. त्याबद्दल मी देवीपुढे रोज हात जोडते.

आजार गेला नाही, जाणारही नाही. सुई हातात घेतली की अजून राग येतो, आणि तो आला की देवीला सरळ बोलूनही दाखवते. फक्त आता तिला अटी घालत नाही. जगायचं बळ मागते, तेवढं मिळतं. सुई टोचून झाली की मी आधी जेवते. देवपूजा मग.